'छी' म्हणजे सात

फोनवरचा माणूस तिसऱ्यांदा तेच विचारत होता आणि मी तिसऱ्यांदा 'हॅलो, येस, हॅलो' एवढंच म्हणत होते. बीजिंगमधल्या हॉटेलच्या दारात मी आणि आमच्या कारखान्यातले जॉबर, म्हणजे माग जुळवणारे-दुरुस्त करणारे, मामा दोन बॅगा घेऊन उभे. 'दीदी' या चिनी टॅक्सीच्या अॅपवरून बोलावलेली पांढरी गाडी दहा पावलांवर उभी. ड्रायव्हर आतून आमच्याकडे बघतोय, आम्ही त्याच्याकडे. शेवटी मामा वैतागून सरळ गेले, दार उघडून बसले. तर त्याने मान वळवून पुन्हा तेच विचारलं, "वेइहाव?"

मी पासपोर्ट दाखवला. नको म्हणाला. हॉटेलचं कार्ड दाखवलं. तेही नको. मग त्याने आपला फोन उचलून त्याच्या शेपटाकडे बोट दाखवलं आणि चार बोटं वर केली. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. माझ्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे हवे होते. योग्य माणूस योग्य गाडीत बसलाय ना, याची खात्री. मी आकडे फोनवर लिहून दाखवले, त्याने त्याच्या स्क्रीनवर टकटक केलं आणि गाडी निघाली. एवढ्याशा गोष्टीत सात-आठ मिनिटं गेली होती आणि थंडीत मला घाम फुटला होता.

खरं तर सोलापूरच्या माणसाला भाषेची भीती दाखवू नये. सकाळी दूधवाल्याशी कन्नड, कारखान्यात तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी आणि घरात मराठी, असं करतच आम्ही मोठे होतो. यातली एखादीही भाषा धड येते असं नाही, पण अडत कुठेच नाही. म्हणून 2024 च्या नोव्हेंबरात चीनला जायचं ठरलं तेव्हा मी व्हिसाची काळजी केली, थंडीची केली, खाण्याची तर फारच केली. भाषेची केली नाही. दुभाषी मुलगी ठरवली होती, फोनमध्ये अनुवादाचं अॅप होतं. मामा तर म्हणाले, "ताई, तिकडं बी मानसंच हायत न्हवं? मग झालं की."

जायचं कारण म्हणजे माग. आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, वडिलांच्या वेळेपासूनचा. जुने माग आता थकलेत आणि चिनी बनावटीचे रेपियर, म्हणजे बिनधोट्याचे, माग चालताना बघायचे होते. हपेइ प्रांतात बाओदिंग शहराजवळ गाओयांग नावाचा तालुका आहे. चीनमध्ये टॉवेल म्हटलं की त्याचं नाव निघतं, आपल्याकडे सोलापूरचं निघतं तसंच. मागाचं काही कळणारा माणूस बरोबर हवा म्हणून मामांना घेतलं. ते चाळीस वर्षं मागाजवळ आहेत, तेलुगू घरातले, आणि इंग्रजीचा त्यांना स्पर्श नाही. पुढे तोच त्यांचा फायदा ठरला.

दुसरं काम माझं खासगी होतं. आमच्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, त्यांच्या राहत्या घराच्या जागी. मुलीला घेऊन तिथे कितीदा गेलेय. चीनमध्ये त्यांना 'के दिहुआ' म्हणतात हे तिथेच वाचलेलं. त्यांची समाधी शिजियाझुआंगला आहे, म्हणजे त्याच हपेइ प्रांताच्या राजधानीत, बाओदिंगहून जलद गाडीने तासाच्या आत. सोलापूरची बाई तिथवर जाऊन परत फिरली असती तर घरी तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

निघण्याआधी पुण्यात चिनी शिकवणाऱ्या एका बाईंकडून मी बारा चिठ्ठ्या लिहून घेतल्या होत्या, पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या. जेवणाची, स्टेशनची, औषधाच्या दुकानाची, 'मला अमुक ठिकाणी सोडा'ची. एका बाजूला चिनी अक्षरं, दुसऱ्या बाजूला माझ्यासाठी मराठी. बाई म्हणाल्या होत्या, "बोलायला जाऊ नका, कागद पुढे करा." मला ते अपमानास्पद वाटलं होतं. बोलायला नाही तर तोंड कशाला दिलंय?

त्या सकाळी दीदीवाल्या प्रसंगानंतर मी अपमान गिळला आणि चिठ्ठ्या पर्समधून काढून कोटाच्या खिशात ठेवल्या.

पण एक शोध मला माझा मलाच लागला आणि तो त्या बाईंनीही सांगितला नव्हता. आदल्या दिवशी मेट्रोत बसलो असताना घोषणा चालू होती. मी स्टेशनांची नावं इंग्रजी पाटीवर वाचत होते आणि कानावर काहीतरी वेगळंच पडत होतं. पाटीवर बीजिंग, कानावर 'पेइचिंग'. पुन्हा ऐकलं. पेइचिंगच. मग लक्षात यायला लागलं की रोमन लिपीत जिथे ब, द, ग लिहितात तिथे चिनी माणूस आपला प, त, क म्हणतो. आणि जिथे प, ट, क ची अक्षरं असतात तिथे फ, थ, ख. इंग्रजाच्या कानाला ख आणि क यांतला फरक नीट पकडता येत नाही. आपल्याला तर तो पहिलीत बाराखडीबरोबर पाजलेला असतो! आणखी एक गंमत. रोमनमधल्या झेड अक्षराने जो आवाज लिहितात तो म्हणजे आपल्या चमच्यातला च, चहातला नव्हे. हे दोन च वेगळे आहेत हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आणि चहा हा शब्द तर त्यांचाच. ते 'छा' म्हणतात, जरा वर चढवून.

त्या रात्री मी वही काढली आणि इंग्रजीला मधून उठवलं. जे ऐकू येईल ते थेट देवनागरीत. हॉटेलच्या पोऱ्याकडून एक ते दहा म्हणून घेतले: ई, आर, सान, स्स, वू, ल्यो, छी, पा, च्यो, श्र. सात म्हणजे छी, यावर मामा इतके हसले की पोऱ्याही हसायला लागला. त्यानेच सांगितलं, म्हणजे बोटांनी आणि खुणांनी सांगितलं, की फोन नंबरात एक आला तर 'ई' म्हणायचं नाही, 'याव' म्हणायचं. नाहीतर ई आणि छी यांत घोळ होतो. माझ्या नंबरात सात आणि एक दोन्ही आहेत. मी अंथरुणात पडून 'छी याव, छी याव' घोकत होते.

आकडे तोंडाने येण्याआधी हाताने यावे लागतात, हे मात्र मला फळवाल्या बाईने शिकवलं. पाचपर्यंत ठीक. सहा म्हणजे अंगठा आणि करंगळी बाहेर, आपण 'फोन कर' म्हणतो तसं. आठ म्हणजे अंगठा आणि तर्जनी, पिस्तुलासारखं. बाईने संत्र्यांचा भाव म्हणून ते पिस्तूल मामांच्या छातीवर रोखलं तेव्हा मामा एक पाऊल मागे सरले होते. दहा म्हणजे दोन्ही तर्जन्यांची फुली. ही बोटं पुढे इतकी कामाला आली की मी तोंडाने आकडे बोलायचे जवळजवळ सोडूनच दिले. पैसे तसेही अलिपेवरून, फोनने कोड टिपून जात होते. आपलं कार्ड त्यात आधी जोडून ठेवलं होतं. रोकड काढली की दुकानदार कपाळाला आठ्या घालून गल्ल्यात सुटे शोधत बसायचा.

बाओदिंगला उतरलो दुपारी. पोटात कावळे. स्टेशनजवळच्या एका छोट्या खानावळीत शिरलो. भिंतीवर चित्रं होती, मामांनी एका चित्रावर बोट ठेवलं: भाजलेल्या, पापुद्र्याच्या भाकरीत भरलेलं मांस. मी माझी चिठ्ठी पुढे केली. 'मी मांस, मासे, मांसाचा रस्सा, प्राण्याची चरबी खात नाही. अंडं चालतं.' रस्सा आणि चरबी वेगळं लिहायला हवं, असं पुण्याच्या बाईंनी बजावलं होतं, आणि ते शंभर टक्के खरं. नुसतं शाकाहारी म्हटलं तर घेवड्याच्या शेंगांवर खिमा भुरभुरून आणतात. त्यांच्या मते ती भाजीच असते. मालकीणबाईने चिठ्ठी हातात घेतली, आतल्या स्वयंपाक्याला मोठ्याने वाचून दाखवली, शेजारच्या टेबलावरच्या दोघांनीही वाचली, त्यांच्यात थोडी चर्चा झाली, आणि टोमॅटो-अंडं आणि भात आला. पुढचे सहा दिवस मी जवळजवळ रोज तेच खाल्लं. तक्रार नाही.

मामांची भाकरी अर्धी झाली तेव्हा त्यांनी खुणेने विचारलं, हे काय? बाईने दोन्ही हात डोक्यावर नेऊन लांब कान केले. मामा म्हणाले, "ससा." बाईने मान हलवली आणि मग, दुपारच्या गिऱ्हाइकांसमोर, कसलाही संकोच न करता, ती ओरडली. गाढवासारखी. हुबेहूब. बाओदिंगची ही प्रसिद्ध चीज आहे, गाढवाच्या मांसाची भाकरी, हे मला नंतर कळलं. मामा क्षणभर थांबले, उरलेल्या भाकरीकडे बघितलं आणि म्हणाले, "चव बरी हाय पन." संपवली.

मी पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली होती. बाईने बोटाने चटणी उचलून चाखली, डोळे मोठे केले आणि 'ह्वाशंग!' म्हणाली. मी वहीत लिहिलं: ह्वाशंग, शेंगदाणा. शब्द असे मिळतात. पाठ्यपुस्तकातला एकही मला आज आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दुभाषी मुलीचा निरोप आला की ती तापाने पडली आहे. कारखान्याची वेळ नवाची. आता काय? गाडी बोलावली. ड्रायव्हरचा फोन आला आणि मी त्याला बोलूही न देता माझे चार आकडे म्हणून टाकले. पलीकडे एक क्षण शांतता, मग 'हाव हाव', म्हणजे ठीक. फोन ठेवून मी मामांकडे असं बघितलं की जणू मी दहावी बोर्डात आलेय.

ही हवा गाओयांगला पोचेपर्यंतच टिकली. (तेही नाव तिथे 'काओयांग' असंच ऐकू येतं.)

मालक पन्नाशीचे, हसतमुख. चहाच्या नावाने आधी गरम पाणीच हातात दिलं. या देशात पाणी म्हणजे गरम पाणी, थंड मागितलं तर लोक आपल्या तब्येतीची काळजी करतात. मी वहीतून वाक्य तयार करून गेले होते. आम्ही विकत घ्यायला आलो आहोत. विकत घेणे म्हणजे 'माय', हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ठसक्यात म्हटलं, माय! आणि ओळख म्हणून सोलापूरचा एक टॉवेल पिशवीतून काढून त्यांच्या हातात ठेवला.

मालकांचा चेहरा पडला. त्यांनी टॉवेल उलटसुलट करून पाहिला, सौजन्याने मान डोलवली, मग आमच्या दंडाला धरून आम्हाला शेजारच्या खोलीत नेलं. तिथे जमिनीपासून छतापर्यंत टॉवेलच टॉवेल. त्यांनी त्या ढिगाकडे हात केला, मग स्वतःच्या छातीवर ठेवला. मी स्वतःच बनवतो हो बाई, असं ते काकुळतीला येऊन सांगत होते. सोलापूरहून कुणी त्यांना टॉवेल विकायला आलंय असा त्यांचा समज झाला होता.

घोळ सुरांचा. चिनीत शब्दाचा अर्थ आवाज कुठे चढतो-उतरतो यावर ठरतो. खाली जाऊन वर येणारा 'माय' म्हणजे विकत घेणे, आणि दाणकन खाली आपटणारा 'माय' म्हणजे विकणे. मी आत्मविश्वासाने बोलले होते आणि आत्मविश्वासाने बोललं की आपला सूर आपोआप खाली आपटतो. लिहितानाही फार फरक नाही. मालकांनी मला कागदावर दोन्ही काढून दाखवले. विकण्याच्या अक्षराला डोक्यावर एक छोटी फुली जास्त, बाकी सारखंच. मामा म्हणाले, "बरं झालं की. गिऱ्हाईक कोन आन दुकानदार कोन, ह्ये एका फुलीवर हाय."

सूर पकडायची मामांची रीत मी नंतर चोरली. ते शब्द लक्षात ठेवत नव्हते, माणसाचा भाव लक्षात ठेवत होते. सरळ लांबवलेला म्हणजे गल्लीत कुणाला तरी हाक मारल्यासारखा. चढता म्हणजे 'काय?' म्हणून विचारल्यासारखा. खाली जाऊन वर येणारा म्हणजे कुणाच्या थापेवर 'होऽ का' म्हटल्यासारखा. आणि आपटणारा म्हणजे पोराला 'गप!' केल्यासारखा. व्याकरणाच्या पुस्तकात असं नसेल, पण विकत घ्यायचं असेल तर 'होऽ का' आणि विकायचं असेल तर 'गप', हे मी आता मेले तरी विसरणार नाही.

मागाच्या शेडमध्ये गेल्यावर अॅपने घात केला. मला फणीबद्दल, म्हणजे मागाचे उभे धागे ज्या घरांतून जातात तिच्याबद्दल विचारायचं होतं, इंचाला किती घरं. मी इंग्रजीत 'रीड' असं टाकलं. इंग्रजीत मागाच्या फणीलाही तोच शब्द आणि पाणथळीत उगवणाऱ्या बोरूलाही तोच. चिनीत काय उमटलं असेल ते उमटलं. तिथला मेकॅनिक तरुण होता, त्याने वाचलं, गोंधळला, मग त्याचा चेहरा उजळला. त्याने आपल्या फोनवर एक अफाट सरोवर दाखवलं, बोरूची बेटं, त्यातून जाणाऱ्या होड्या. गाओयांगच्या जवळच बाययांगत्येन नावाचं सरोवर आहे, ते बोरूसाठीच प्रसिद्ध. तो बिचारा हातवारे करून सांगायला लागला की आत्ता थंडीत नका जाऊ, उन्हाळ्यात या. मागाच्या खडखडाटात उभं राहून मी पर्यटनाची माहिती घेत होते.

मामांनी माझ्या हातातला फोन खाली दाबला. ते सरळ मागाजवळ गेले, खिशातून पिकग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, काढला, तयार होत असलेल्या टॉवेलच्या काठावर ठेवला आणि वाकून धागे मोजायला लागले. मेकॅनिकने स्वतःचा पिकग्लास काढला. अगदी तसाच, पितळी, घडीचा. दोघांची डोकी एकमेकांना लागली. मामांनी बोटं दाखवली, त्याने मान हलवून दुसरी बोटं दाखवली, दोघांनी पुन्हा मोजलं. मग मामांनी फणीवर नख वाजवलं आणि भुवया उडवल्या. तो म्हणाला, "कांगखो." बस. मी तासभर जे विचारत होते त्याचं नाव त्या दोन अक्षरांत मिळालं. वहीत लिहिलं.

नंतरचा पाऊण तास मी केवळ बघत होते. मामा डोळे मिटून मागाचा आवाज ऐकायचे, मग तळहात आडवा धरून थोडा खाली करायचे. म्हणजे टॉवेलचे लूप ज्यांतून होतात त्या उभ्या धाग्यांचा ताण सैल आहे. मेकॅनिक नाही म्हणायचा, मामा पुन्हा ऐकायचे. तिसऱ्यांदा त्याने माग थांबवला, मागच्या बीमजवळ गेला, काहीतरी फिरवलं, माग चालू केला आणि मामांकडे बघून हसला. त्याने सिगारेट पुढे केली. मामा ओढत नाहीत, त्यांनी कानामागे ठेवून दिली. मामा त्याच्याशी तेलुगूत बोलत होते, तो मामांशी चिनीत, आणि एकाही वाक्याला 'काय?' असा प्रतिप्रश्न आला नाही. मला थोडा मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू.

भावाच्या वेळी मात्र माझी बाजू वर होती. मालक म्हणाले, 'श्र-सान वान'. श्र-सान म्हणजे तेरा, एवढं कळलं. अॅप म्हणालं, एकशेतीस हजार. मी रुपयांत करायला गेले तर डोक्यात हजार, मिलियन, लाख यांची खिचडी. मग मालकांनी कॅल्क्युलेटरवर 1 वर चार शून्यं काढली, 'वान'. चिनी माणूस हजाराच्या पुढे दहा हजारांच्या गठ्ठ्याने मोजतो. म्हणजे दहा वान झाले की आपला एक लाख! तेरा वान म्हणजे सरळ एक लाख तीस हजार युआन. युआन साधारण बारा रुपयांना धरला की साडेपंधरा लाखांच्या आसपास. इंग्रजी हजार-मिलियन मधून काढल्याबरोबर हिशेब सुतासारखा सरळ. मग आम्ही दोघांनी कॅल्क्युलेटर एकमेकांकडे ढकलत अर्धा तास घासाघीस केली. त्यात एक शब्दही बोलावा लागला नाही, सुस्कारे पुरले. व्यवहार तिथे झाला नाही, कोटेशन घेऊन आलो, तो वेगळा विषय. निघताना त्यांनी मला एक टॉवेल दिला आणि म्हणाले, 'माओचिन'. माओ म्हणजे लव, केस. चिन म्हणजे कापड. यातलं माओ हे अक्षर तेच, जे अध्यक्ष माओंच्या आडनावाचं आहे. आमच्या कारखान्यात ही माहिती फार लोकप्रिय झाली आहे.

शिजियाझुआंगला जाताना माझा आत्मविश्वास पुन्हा जागेवर आला होता. गाडीला कागदी तिकीट नसतं, पासपोर्टच तिकीट, ते जमलं. स्टेशनवरच्या पाट्याही आता थोड्या ओळखीच्या वाटत होत्या. डोंगरावर डोंगर ठेवल्यासारखं अक्षर आणि पुढे रिकामा चौकोन, म्हणजे बाहेर जायचा रस्ता. चौकोन म्हणजे तोंड, म्हणून दारही. बायकांच्या आणि पुरुषांच्या संडासातला फरक तर पहिल्याच दिवशी पाठ केला होता: वर चार खणांचं शेत आणि खाली ताकद, हा पुरुष. शेतात राबायची ताकद म्हणे. आमच्याकडे शेतात कोण राबतं ते येऊन बघा म्हणावं.

चूक एकच केली होती. कोटणीसांच्या नावाची चिठ्ठी करून घेतली नव्हती. हुतात्मा स्मारकाची होती, पण मला वाटलं, हे नाव काय लिहून न्यायचं, हे तर तिथे सगळ्यांना माहीत असणार. गाडीत शेजारच्या कॉलेजच्या मुलाला विचारलं, "के दिहुआ?" त्याने कानातली वायर काढली, पुन्हा ऐकलं, नम्रपणे म्हणाला, "थिंग पू तुंग." ऐकलं पण कळलं नाही. मेट्रोच्या खिडकीवरच्या मुलीला विचारलं. थिंग पू तुंग. पोलिसाला विचारलं. त्यानेही तेच. मला मनातून वाईट वाटायला लागलं. 1938 मध्ये पाच डॉक्टर काँग्रेसने पाठवले, त्यातला आमच्या गावचा हा एक परत आला नाही, इथल्या सैनिकांवर उपचार करता करता बत्तिसाव्या वर्षी गेला, आणि यांना नावही माहीत नाही?

मामा म्हणाले, "ताई, आधी तिथं पोचू या की."

चिठ्ठी दाखवत तीन नंबरच्या मेट्रोने शिनपाय चौकापर्यंत, तिथून एक नंबर पकडून पुढचंच स्टेशन. स्टेशनचं नावच हुतात्मा स्मारक. बाग मोठी, शांत, झाडांची पानं बरीच गळलेली. लोक फिरायला आलेले. आम्ही दारातल्या नकाशापुढे उभे राहून अक्षरं न्याहाळत असताना मागून आवाज आला, "यिन्तू?" सत्तरीच्या एक बाई, हातात थर्मास. यिन्तू म्हणजे भारत, हे एव्हाना कळत होतं. मी म्हटलं, यिन्तू. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ख-ती-ह्वा!"

क्षणभर कळलं नाही. मग अंगावर काटा आला. ख, हाक मारल्यासारखा लांब. ती, 'गप' केल्यासारखा. ह्वा, विचारल्यासारखा. आठवडाभर मी वहीत इंग्रजीला हाकलून देत होते आणि हे एकच नाव मात्र स्मारकात वाचलेल्या इंग्रजी स्पेलिंगावरून जसंच्या तसं तोंडात ठेवलं होतं. नाव त्यांना माहीत होतं. माझं थिंग पू तुंग होतं.

बाई आम्हाला घेऊन गेल्या. वाटेत त्यांनी मला ते नाव म्हणायला लावलं, चुकले की थांबून पुन्हा. पुतळ्याजवळच्या पाटीवर त्यांनी बोटाने अक्षरं गिरवून दाखवली. पहिल्या दोन्ही अक्षरांच्या डाव्या अंगाला झाडाची खूण आहे. तिसरं ह्वा, म्हणजे चीन. त्या पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांच्या शेवटी हे अक्षर लावून घेतलं होतं. कोटणीसांनी इथे क्वो छिंगलान या नर्सशी लग्न केलं, मुलाचं नाव यिन्ह्वा. यिन्तूतला यिन आणि हा ह्वा. हे मला स्मारकात वाचून माहीत होतं, पण कानाला आज पहिल्यांदा कळलं. ते इथली भाषा बोलायला आणि लिहायलाही शिकले होते. त्यांच्या हातात चिठ्ठ्या नव्हत्या. 'कुठं दुखतंय' हे त्यांनी पहिल्यांदा कुणाला, कसं विचारलं असेल, तो सूर बरोबर लागला असेल का, असलं काहीतरी मनात येत राहिलं. मामांनी चपला काढून ठेवल्या होत्या, त्या थंडीत.

आम्ही शेंगाचटणीची उरलेली पुडी समाधीजवळ ठेवावी का, यावर माझी आणि मामांची थोडी वादावादी झाली. ठेवली नाही. बाईंना दिली. त्यांनी थर्मासच्या झाकणात आम्हाला गरम पाणी दिलं.

मग बाईंनी खुणेने विचारलं, त्यांचं खरं नाव काय? तुमच्याकडचं? मी म्हटलं, "द्वारकानाथ शांताराम कोटणीस."

"त... तो..." बाई अडल्या.

"द्वा," मी म्हटलं.

"तुवा."

"द्वा. द्वारका."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून पेन काढलं, माझ्याकडे कागद मागितला. मी पुण्याच्या बाईंची एक चिठ्ठी दिली, औषधाच्या दुकानाची, तिची गरज पडली नव्हती. त्या कठड्यावर टेकल्या, चष्मा वर सरकवला आणि मला पुन्हा म्हणायला सांगितलं. मी एकेक तुकडा सावकाश म्हणत गेले आणि त्या कानाला येईल तसं एकेका आवाजाला एकेक अक्षर लावत गेल्या. 'थ'ला दोनदा खोडलं. 'णी'ला बराच वेळ थांबल्या, शेवटी काहीतरी लिहिलं. मग त्यांनी ते वाचून दाखवलं आणि मी मान हलवली. "पुन्हा," मी मराठीतच म्हटलं, आणि त्यांनी पुन्हा सुरुवात केली.